परक्या हाताची धार

कुऱ्हाड गिऱ्हाइकाची होती, पण धार वहिनीची होती; निदान काल संध्याकाळपर्यंत तरी होती. सकाळी दुकान उघडल्यावर तिने तयार मालाच्या फळीवरून ती सहज उचलली आणि सवयीने पात्यावरून आडवा अंगठा फिरवला. अंगठ्याला काही वावगं वाटलं नाही. ती कुऱ्हाड परत ठेवणार तोच खिडकीतला उजेड पात्यावर तिरपा पडला आणि तिचा हात जागच्या जागी थांबला. रेघा उलट्या होत्या. आधी कानस मारायची, मग गोल निसणा, म्हणजे धारेचा दगड, पाण्यात बुडवून पात्यावर फिरवायचा, पहिल्यांदा खरखरीत बाजू, नंतर मऊ बाजू, आणि शेवटी अगदी हलके हात द्यायचे, असं तिचं वर्षानुवर्षांचं काम. त्या शेवटच्या हातांच्या केसासारख्या रेघा पोलादावर राहतात, आणि एखाद्याची अक्षरं कलावीत तशा त्या ज्याच्या त्याच्या हाताप्रमाणे कलतात. वहिनीच्या रेघा पात्याच्या टोकाकडे कलत. या टाचेकडे, दांड्याच्या बाजूच्या कोपऱ्याकडे, कललेल्या होत्या. म्हणजे तिच्या धारेवर कुणीतरी पुन्हा धार लावली होती, आणि ते जे कुणी होतं ते डावखुरं होतं. तिने रद्दीतला कागद घेऊन पात्याला लावला. कागदाचे आवाज न होता दोन तुकडे झाले. सगळ्यात वाईट हेच होतं, की धार चांगली होती.

तिला वहिनी सगळी गल्लीच म्हणे. तिच्याहून मोठी माणसंही म्हणत. मुळात ती कुणाची वहिनी होती हा प्रश्न कुणाला पडला नाही, कारण नवऱ्याला सख्खा-चुलत एकही भाऊ नव्हता. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली: एक जाड लाकडी बाक, त्याला ठोकलेला, पातं घट्ट आवळून धरणारा लोखंडी शेगडा, भिंतीवर कानशी, कोपऱ्यात दांड्यांसाठी वाळत ठेवलेलं लाकूड, आणि सगळ्यांवर जवसाच्या तेलाचा वास. लोक जुन्या कुऱ्हाडी आणत. आजोबांच्या माळ्यावर सापडलेल्या, गंजून वीट झालेल्या, दांडा मोडलेल्या, कुणीतरी हातोडा समजून ठोकून ठोकून डोकं फुलवलेल्या. नवरा दांडा बसवी, ती धार लावी. शहरात विजेच्या चाकावर धार लावून देणारी दुकानं पुष्कळ होती. तिथे ठिणग्या उडत, पोरं बघत उभी राहत आणि काम चहा थंड व्हायच्या आत होई. पण चाकाच्या गरमीने पोलाद निळं पडतं, पात्याचं पाणी उतरतं आणि मग ती कुऱ्हाड लोणी कापायच्या लायकीची राहते, असं सासरे म्हणत. सासरे जाऊनही तपं लोटली, तरी हे वाक्य दुकानात रोज एकदा तरी कुणीतरी म्हणेच. पहिल्यांदा वहिनीच्या मनात तेच आलं, की नवऱ्याने कुऱ्हाड चाकावर नेली. पण छे. हे चाकाचं काम नव्हतं, हे हाताचं आणि निसण्याचं काम होतं. तिने खण उघडून निसण्याची लाकडी डबी काढली. निसणा कोरडा होता, पण डबीच्या तळाचं फडकं दमट होतं. म्हणजे तिचाच निसणा. परक्या माणसाने आपल्या कंगव्याने केस विंचरावेत तसं तिला झालं, आणि ती डबी तशीच मिटून तिच्यावर हात ठेवून बसली.

या घरात तिचं म्हणावं असं हे एकच होतं. ती लग्न होऊन आली तेव्हा सासूने तिला स्वयंपाकात लुडबूड करू दिली नव्हती, आणि सासू गेल्यावर मुलगी मोठी झाली, तिने ती जागा घेतली, मग तीही लग्न होऊन गेली. धार मात्र पहिल्यापासून वहिनीची. नव्या नवरीला करमेना म्हणून ती दुपारची दुकानात येऊन बसायची, एकदा सासऱ्यांनी गंमत म्हणून निसणा तिच्या हातात दिला, थोडा वेळ बघितलं, मग डोळ्यांवरचा चष्मा कपाळावर चढवून पात्यावर अंगठा फिरवला आणि बाकाच्या पलीकडे उभ्या असलेल्या आपल्या एकुलत्या एक मुलाला म्हणाले, "बघ. तुझा हात धारेचा नाही. हिचा आहे. तू आपला दांडे कर." मुलगा हसला होता. चिडला नाही, फणकारला नाही, नुसता हसला आणि कोपऱ्यात जाऊन लाकूड तासायला लागला. किती मोठ्या मनाचा नवरा मिळाला असं तिला तेव्हा वाटलं होतं, बहिणीला तिने तोंड भरून सांगितलंही होतं. आज डबीवर हात ठेवून बसल्या बसल्या तिला पहिल्यांदा वाटलं, की त्या हसण्याकडे आपण नीट पाहिलं नाही. माणूस इतकी वर्षं मनात काय दाबून ठेवू शकतो? आणि आता म्हातारपणाच्या उंबऱ्यावर ते बाहेर काढायचं म्हणजे कसं काढेल? दुसरा हात आणेल. हळूच आणेल. आधी एक कुऱ्हाड, मग दोन, मग एके दिवशी म्हणेल, तू आता आराम कर.

आणि हे मनात आल्याबरोबर तिच्या लक्षात आलं, की ते तर तो म्हणतोच आहे. गेले काही दिवस नवऱ्याची साखरपेरणी चालली होती. जन्मात कधी ज्याने 'जेवलीस का' विचारलं नाही, तो 'दुपारी पड जरा' म्हणू लागला होता. 'बहिणीकडे किती दिवसांत गेली नाहीस' म्हणून आठवण करून देऊ लागला होता. तिला बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोला. उतारवयात माणसं मऊ होतात असं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं. कुठेतरी पाणी मुरतंय हे तिला तेव्हाच कळायला हवं होतं. नवरा आत आला. हातात चहाचे दोन कप. चहाही हल्ली तोच करायचा, तिच्या हातून एक-दोन कप फुटल्यापासून.

"ही कुऱ्हाड कुणी हलवली का?" तिने विचारलं.

"कुठली?"

"हीच. मधली."

"कोण हलवणार? मीच पुसली असेल." त्याने कप बाकावर ठेवला, तिच्या अगदी हाताशी, कान तिच्याकडे करून. "गरम आहे, जपून धर."

"धार कुणी लावली?"

तो हसला. तेच हसणं. "धार कोण लावतं या घरात?" असं म्हणून तो दांड्याकडे वळला, आणि ताकास तूर लागू न देणारा माणूस जसा लगबगीने कामाला लागतो तसा लागला.

त्या दिवसापासून वहिनीने लोकांचे हात बघायला सुरुवात केली. चेहऱ्यांकडे तिचं लक्षच जाईना. दूध घालणारा उजवा. शेजारचा शिंपी उजवा. समोरच्या मजल्यावरची मास्तरीण पाकीट उजव्या हाताने उघडते पण छत्री डाव्या हातात धरते. तिच्यावर तिने दोन दिवस डोळ्यांत तेल घालून नजर ठेवली, मग सोडून दिली, कारण मास्तरीण कुऱ्हाड पाहून घाबरणाऱ्यांतली होती. डावखुरी माणसं इतकी कमी असतात याचं तिला नवल वाटलं आणि थोडा रागही आला, शोधायला निघालं की नेमकी वस्तू मिळत नाही तसा. मग तिला खिळेवाली आठवली. गल्लीच्या टोकाचं खिळे-बिजागऱ्यांचं दुकान नवऱ्यामागे एकटीने चालवणारी, ठसठशीत, मोठ्याने हसणारी बाई. ती सुटे पैसे डाव्या हाताने देते. वहिनी रस्त्यात उभीच राहिली. डाव्या हाताने देते! आणि पाचरींसाठी पातळ लोखंडी पट्ट्या आणायला नवरा तिच्याकडेच जातो, आणि गेला की लवकर परत येत नाही, आणि आला की गुणगुणत येतो. इतक्या वर्षांत ज्या गोष्टींची तिने साधी दखल घेतली नव्हती त्या सगळ्या एकदम उठून रांगेत उभ्या राहिल्या. ती तशीच खिळेवालीच्या दुकानात शिरली.

"या वहिनी! आज इकडे कुठे वाट चुकलात?"

"कानस हवी होती. मध्यम."

खिळेवालीने डाव्या हाताने फळीवरून कानस ओढली, डाव्या हातानेच पुसली, आणि दाते खाली करून काचेच्या पेटीवर आपटली. वहिनीने ती उचलून दाते बघितले. कानशीला जीव लावणारी बाई कानस अशी आपटत नाही. "तुम्हाला धार लावता येते का हो?" तिने विचारलं, आणि विचारल्यावर आपण किती वेड्यासारखं विचारलं ते तिला कळलं.

"मला?" खिळेवाली अशी हसली की रस्त्यावरून कुणीतरी आत डोकावलं. "अहो, माझी विळी चालत नाही म्हणून मी भाजी हाताने मोडते! धारेचं तुम्ही बघायचं. तुमचे हे तर येतात तेव्हा दुसरं काही बोलतच नाहीत. परवा म्हणाले, हिच्यासारखा हात माझ्या वडिलांचाही नव्हता." मग तिचा आवाज उतरला. "तब्येत बरी आहे ना तुमची? नाही, ते म्हणत होते, हाताला जरा..."

"हाताला काय?"

"काही नाही. थंड पाण्यात काम असतं ना तुमचं. म्हटलं, जपा."

वहिनी कानस घेऊन बाहेर पडली. पैसे देताना एक नाणं तिच्या बोटांतून सुटून घरंगळत गेलं, खिळेवालीने ते धावत जाऊन उचललं, आणि त्या धावण्यातली आपुलकी वहिनीच्या नाकाला मिरचीसारखी झोंबली. म्हणजे नवरा गल्लीभर हिंडून तिच्या हाताबद्दल बोलतो. आधी स्तुती करायची, मग हळूच हाताला जरा असं म्हणायचं. असंच करतात. माणसाला काढून टाकायचं असलं की आधी त्याची काळजी वाटायला लागते. हाताला काय झालं होतं? काही झालं नव्हतं. सकाळी बोटं थोडी जड असतात, गुंडी लावताना वेळ लागतो, सुईत दोरा ओवायचं तिने सोडून दिलं आहे. पण तेवढं कुणाचं होत नाही? अंगठ्याच्या पुढच्या भागावर जाड कातडं धरलं आहे, ते तर धंद्याचं आहे. सासऱ्यांच्या अंगठ्यालाही होतं. त्यांचा अंगठा धारेवरून फिरायचा तेव्हा ते डोळे मिटत. एकदा ते तिला म्हणाले होते, नजर फसते, अंगठा फसत नाही. हे वाक्य तिने आयुष्यभर जपून ठेवलं होतं, आणि कुणावरही विश्वास ठेवायचा नाही अशा या दिवसांत तोच एक आधार होता.

बहिणीकडे ती गेली, पण मन दुकानात. धाकटी बहीण मुलखाची बडबडी, स्वतःच्या सुनेच्या तक्रारी सांगून झाल्यावर तिने ताईच्या गप्प बसण्याचं कारण खोदून काढलं. "ताई, तू म्हणजे कमाल करतेस," ती म्हणाली. "भावजींना बाहेरचं कुणी आणायचं असतं तर दांड्यांसाठी नसतं का आणलं? वाकून वाकून त्यांचीच पाठ गेलीय."

"दांडे त्यांचे आहेत. धार माझी आहे. माझी घ्यायची आहे त्यांना."

"कशाला?"

"मामंजींनी दिली मला. त्यांना दिली नाही."

"ते होय," बहीण म्हणाली. "पण मग ते आणतील कशाला? स्वतःच नाही का लावणार?"

"त्यांना येत नाही," वहिनी म्हणाली. तिला हसू आलं. तिने नवऱ्याला निसणा हातात घेतलेलं पाहिलं होतं, अगदी सुरुवातीला, सासऱ्यांसमोर. तो उजव्या हाताने असा घासायचा जसं कुणी भांड्याचं बूड घासतं आहे. मान खाली, कान लाल. सासरे ओरडायचे नाहीत, नुसता निसणा काढून घ्यायचे. नाही, त्याला येत नव्हतं. मग परतीच्या वाटेवर, बसच्या खिडकीशी, काहीही कारण नसताना तिला मुलीचं लहानपण आठवलं. मुलगी रांगायची तेव्हाची गोष्ट. बाकावर बसवली होती, वहिनी पाणी आणायला वळली आणि पोर कडेवरून घसरली, खाली शेगड्यात उघडं पातं. आणि नवऱ्याने, जो दोन हात लांब उभा होता, तिला अधांतरी झेलली. एका हाताने. कुठल्या हाताने? ती आठवू लागली. पोरीचा झगा त्याच्या मुठीत, दुसऱ्या हातात लाकूड तासायची पटाशी. पटाशी उजव्या हातात. झगा दुसऱ्या. वहिनीने आठवण तिथेच सोडून दिली. पटाशी हातात असल्यावर माणूस दुसऱ्याच हाताने झेलणार. त्यात काय आहे?

पण संशय एकदा घरात शिरला की तो जेवायलाही आपल्या पानाशी बसतो. तिने ठरवलं, की पुरावा हवा. बागखात्याच्या टोळीचा मुकादम, ज्याला दुकानात बागवाला म्हणत, त्याच्या दोन कुऱ्हाडी आल्या होत्या, एकाच घडणीच्या, जुळ्या म्हणाव्यात अशा. वादळात पडलेली झाडं तोडायला त्याच्या माणसांना त्या लागणार होत्या. नवऱ्याने दांडे बसवून पाचरी ठोकून त्या तिच्या बाजूला ठेवल्या. वहिनीने पहिली, दांड्यावर काळसर शीर असलेली, घेतली आणि तिच्यावर आपला सगळा जीव ओतला. कानशीचा प्रत्येक हात पुढे, मागे येताना उचलून. धारेच्या पाठीमागचा गाल थोडा पातळ करून. निसणा ओला ठेवून, घाई न करता, आधी एका गालावर, मग दुसऱ्या, कडेला उलटलेली लोखंडाची पातळ साय निघून जाईपर्यंत. मग चामड्याचा पट्टा. अंगठा फिरवला. सरळ, सलग, कुठे अडत नाही. इतकी सुरेख धार तिने कित्येक दिवसांत लावली नव्हती असं तिला वाटलं, आणि ती स्वतःवरच खूश झाली. मग दुसरी कुऱ्हाड घेतली आणि तिची धार तिने मुद्दाम बिघडवली. कानस उलटी ओढली, निसणा नुसता दाखवल्यासारखा केला, कडेची साय तशीच ठेवली. हे करताना तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सासरे असते तर त्यांनी बाक उलटा केला असता. पण हिशेब सरळ होता. जे कुणी चोरून येतं ते बिघडलेली कुऱ्हाड दुरुस्त करेल आणि चांगलीला हात लावणार नाही. कारण चांगलीला हात लावायला काही असणारच नाही. म्हणजे चोरही सापडेल, आणि आपला हात काय आहे हेही त्याला कळेल. दोन्ही कुऱ्हाडी फळीवर ठेवून तिने पिशवी घेतली.

"बहिणीकडे जाऊन येते," ती म्हणाली.

"अगं, सावकाश ये," नवरा म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं काहीतरी आलं, ते तिने नेमकं टिपलं.

ती कोपऱ्यापर्यंत गेली, शिंप्याच्या दुकानात उगाच कापडं चाळत राहिली, मग मागच्या बोळातून घराच्या न्हाणीच्या बाजूने आत आली. चपला हातात. आपल्याच घरात चोरपावलांनी शिरताना तिला खरं सांगायचं तर थोडी मजाच वाटत होती, कारण आता सगळं उघड होणार होतं. आतल्या खोलीच्या दाराच्या फटीतून बाक दिसत होता. भरदुपार होती, दुकानाचं पुढचं दार ओढून घेतलेलं, खिडकीचा उजेड बाकावर. परकं कुणीच नव्हतं. नवरा एकटा होता. जुळ्यांपैकी एक कुऱ्हाड शेगड्यात होती आणि तो तिच्यावर निसणा फिरवत होता. डाव्या हाताने.

वहिनीने त्याचा तो हात कधी पाहिलाच नव्हता असं तिला वाटलं. उजव्या हाताने काम करताना तो नेहमी थोडा वाकलेला, थोडा माफी मागितल्यासारखा असे. जेवताना, लिहिताना, हातोडा मारताना, सगळीकडे. आता त्याची पाठ सरळ होती. खांदा सैल. निसणा हातातून सुटेल की काय असं वाटावं इतका हलका धरलेला, आणि पात्यावरून तो असा जात होता की घासल्याचा आवाज न येता नुसता पाण्याचा यावा. मध्येच त्याने डोळे मिटले. डाव्या अंगठ्याने धार पाहिली. सासऱ्यांसारखी. अगदी सासऱ्यांसारखी. तिला सगळं एकदम कळलं आणि ते फार भराभर कळलं: कुणीतरी लहानपणी त्या मुलाचा हा हात काढून घेतला होता, बांधून किंवा मारून किंवा नुसतं रोज रोज 'त्या हाताने नको' म्हणून, आणि मग त्याच माणसाने त्याला सांगितलं होतं, तुझा हात धारेचा नाही. आणि ती, त्याच्या हसण्याला मोठं मन म्हणून, त्याची जागा घेऊन बसली होती. तिला त्याची दया यायला हवी होती. आली नाही. आला तो राग. इतक्या वर्षांत मला सांगितलं नाहीस! माझ्या उशाशी निजलास आणि अख्खा हात लपवून ठेवलास! ती तशीच मागे फिरली, बोळातून बाहेर पडली आणि संध्याकाळपर्यंत रस्त्यांवरून चालत राहिली, ओळखीच्या माणसांना चुकवत.

परत आली तेव्हा दुकानात दिवा लागलेला होता आणि नवरा दांड्याला तेल चोळत होता, उजव्या हाताने. फळीवर दोन्ही कुऱ्हाडी होत्या. तिने पिशवी न ठेवताच पहिली उचलून दिव्याखाली धरली. रेघा टाचेकडे. दुसरी. रेघा टाचेकडे. तिने दोन्ही पुन्हा पाहिल्या. बिघडवलेली दुरुस्त केली ते ठीक होतं. पण पहिली? पहिलीला हात लावायचं कारण काय होतं?

"धार तुम्ही लावता," ती म्हणाली. "दुपारी बघितलं मी. डाव्या हातानं लावता."

तेलाचं फडकं त्याच्या हातात तसंच राहिलं. तो नाही म्हणाला नाही. "बस ना," तो म्हणाला.

"बसत नाही. कधीपासून?"

"बागवाल्याच्या एका माणसाला लागलं तेव्हापासून. आपलीच कुऱ्हाड. ओंडक्यात शिरलीच नाही, वरून निसटली आणि त्याच्या नडगीवर आली." तो खाली बघून बोलत होता. "हाडापर्यंत नाही गेली. बरा आहे आता. पण मी ती कुऱ्हाड बघितली ना. एका बाजूला धार गोल झाली होती. बोथट."

"मला का नाही सांगितलं?"

"दांडा ढिला होता असं सांगितलं मी त्याला. म्हटलं, चूक माझी."

इतका वेळ चालताना तिने जी भांडणं मनात रचली होती त्यांच्यात हे कुठेच नव्हतं. पण राग असा लगेच जात नाही, तो दुसरं दार शोधतो. "एक कुऱ्हाड गोल झाली असेल," ती म्हणाली. "एखाद्या दिवशी होतं कुणाचंही. म्हणून काय सगळ्यांवर हात फिरवायचा? या दोन्हींवर का फिरवला? यातली एक मी मुद्दाम बिघडवली होती. तुम्हाला पकडायला. दुसरीला काय झालं होतं?"

नवऱ्याने मान वर केली. "मुद्दाम?" तो म्हणाला. त्याचा चेहरा असा उजळला, की त्याला इतकं आनंदलेलं तिने मुलीच्या लग्नानंतर पाहिलं नव्हतं. "मुद्दाम केलीस तू? अगं, मग आधी सांगायचं नाही का! मी इथं दुपारभर डोकं धरून बसलो होतो. म्हटलं हे काय झालं, आता इतकं..." तो घाईघाईने उठला, हात पँटला पुसले आणि फळीवरची पहिली कुऱ्हाड उचलली. "हीच ना? मला वाटलंच! तुझा हात इतका जाणं शक्य नाही. ती दुसरी त्या मानानं ठीक होती, नुसती साय काढायची राहिली होती. पण ही बघून मी घाबरलोच. हीच ना बिघडवलेली?"

त्याच्या हातात ती होती जिच्यावर तिने जीव ओतला होता.

तिने बाक धरला. बाक धरला हे तिला दिसलं, बोटांच्या टोकांना कळलं नाही. घरात, गल्लीत, बहिणीकडे, सगळीकडे तिने संशयाने पाहिलं होतं; एका आपल्या अंगठ्याकडे तेवढं पाहिलं नव्हतं. आणि आता फक्त हो म्हणायचं होतं. हीच, असं म्हणायचं, नवरा हसेल, दोघं चहा पितील, उद्यापासून तो दुपारचं काही करणार नाही, धार तिची राहील. तो विश्वास ठेवेल. ठेवायला तो आसुसलाच होता. तिला तो हो जिभेवर लागला, इतका जवळ. मग कुणाची तरी नडगी. कुणाची ते तिला माहीतही नव्हतं, पण ती दिसली, मोजा खाली सरकलेला, उघडी.

"नाही," ती म्हणाली. "ती दुसरी होती."

नवरा कुऱ्हाड हातात घेऊन उभा होता. आधी त्याला कळलं नाही. मग कळलं, आणि आता चेहऱ्याचं काय करावं ते त्याला सुचेना. "उजेड कमी होता दुपारी," तो म्हणाला. "मला कुठं एवढं समजतंय..."

"समजतं तुम्हाला."

"उद्या डॉक्टरकडे जाऊ. नसेल बिघडलं फार. औषधं निघालीत हल्ली."

"जाऊ," ती म्हणाली. तिला रडू येत होतं आणि ते तिने येऊ दिलं, त्याच्यासमोर, उभ्या उभ्या, नाक पुसत. त्याच्यावरचा राग अजून गेला नव्हता. पण बाकाच्या पलीकडे दुसऱ्या गिऱ्हाइकाची एक कुऱ्हाड तशीच पडून होती, कानस मारलेली, निसणा न लागलेली, आणि ती सकाळी द्यायची होती. वहिनीने ती उचलली, शेगड्यात घट्ट आवळली आणि पाण्याचं भांडं पुढे सरकवलं. मग ती आपल्या जागेवरून बाजूला झाली. नवरा आला. त्याने निसणा घेतला, उजव्या हातात, आणि पुन्हा तसाच वाकला.

"त्या हातानं नको," ती म्हणाली.

तो थांबला. एखाद्या लहान मुलाने घाबरून बघावं तसं त्याने दाराकडे पाहिलं, जणू कुणी येईल.

"मामंजी नाहीत आता," वहिनी म्हणाली. "तुमच्या हातानं करा. मला बघायचंय."